कुष्ठरोग परिषदेसाठी ई-पोस्टर कसं बनवायचं? पेण-रोह्याच्या कामातून आलेली संपूर्ण माहिती

घरात किंवा शेजारी कुणी आशाताई, नर्स, आरोग्यसेवक किंवा मेडिकलचा विद्यार्थी असेल, तर कधी ना कधी एक काम तुमच्याकडे येणारच. "तुला मोबाइलमधलं कळतं ना? मग एवढं पोस्टर करून दे." पेण आणि रोहा तालुक्यांतल्या आरोग्य कर्मचाऱ्यांना मी अशी पोस्टरं करून देतो. त्यात कुष्ठरोगावरच्या परिषदांची पोस्टरं बरीच असतात. हे काम लग्नपत्रिका किंवा दहीहंडीचा बॅनर करण्यासारखं नाही. इथे एक चुकीचं बटण दाबलं गेलं, तर एखाद्या वाडीवरच्या माणसाचा आजार सगळ्या गावाला कळू शकतो. म्हणून आज डिझाइनपेक्षा फाइलच्या पोटात काय लपलेलं असतं यावर जास्त बोलणार आहे.

ई-पोस्टर म्हणजे नेमकं काय?

पूर्वी संशोधनाचं पोस्टर फ्लेक्सवर छापायचे आणि त्याची गुंडाळी काखेत मारून परिषदेला जायचे. ई-पोस्टरमध्ये तुम्ही फक्त फाइल पाठवता आणि ती तिथल्या मोठ्या टीव्हीवर किंवा टच स्क्रीनवर दिसते. छपाईचा खर्च वाचतो आणि पावसात गुंडाळी भिजत नाही. रोह्याहून दिवा पॅसेंजर पकडून निघालेल्या माणसाला हा फायदा पटकन कळेल.

परिषदा कोणत्या? सगळ्यात मोठी म्हणजे आंतरराष्ट्रीय कुष्ठरोग परिषद. पहिली १८९७ साली बर्लिनमध्ये भरली, २०२२ ची हैदराबादला झाली आणि २०२५ ची इंडोनेशियात बाली इथे. आपल्याकडे इंडियन असोसिएशन ऑफ लेप्रॉलॉजिस्ट्स ही संस्थाही परिषदा घेते. तिथे फक्त मोठमोठे प्राध्यापक जातात असा समज असेल तर तो काढून टाका. गावात फिरणाऱ्या कर्मचाऱ्याने स्वतःच्या तालुक्याची नीट मांडलेली माहिती तिथे लोक थांबून वाचतात.

विषय आपल्या जिल्ह्याला परका नाही. पनवेल तालुक्यात नेऱ्याजवळचं शांतिवन म्हणजे कुष्ठरोग निवारण समितीचं केंद्र, हे रायगडात बहुतेकांना माहीत असतं. भारताने डिसेंबर २००५ मध्ये 'सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून कुष्ठरोगाचं दूरीकरण' हे उद्दिष्ट गाठलं. त्याचा अर्थ इतकाच की देशपातळीवर दर १०,००० लोकसंख्येमागे उपचार घेणारे रुग्ण १ पेक्षा कमी झाले. आजार संपला असा त्याचा अर्थ नाही. पोस्टरवर 'भारत २००५ पासून कुष्ठमुक्त' असं वाक्य आलं तर ते लगेच काढायला सांगा.

आधी कॅमेरा: चट्टा नीट दिसला पाहिजे

कुष्ठरोगाचं ओळखीचं लक्षण म्हणजे त्वचेवरचा फिकट किंवा लालसर बधिर चट्टा. आता आपल्या फोनचा कॅमेरा नेमकं काय करतो? ब्युटी मोड त्वचा एकसारखी गुळगुळीत करतो आणि डाग पुसतो. म्हणजे ज्या गोष्टीसाठी फोटो काढायचा तीच गायब! म्हणून ब्युटी, फिल्टर आणि एआय सीन हे तिन्ही बंद करा. फ्लॅशही नको, कारण त्याने फिकट चट्टा पांढुरका होऊन जातो. ओटीवर किंवा पडवीत, सावलीतल्या दिवसाच्या उजेडात फोटो घ्या. घरात पिवळा बल्ब असेल तर त्वचेचा रंगच बदलतो. चट्ट्याशेजारी छोटी कागदी मोजपट्टी धरा, म्हणजे आकार कळतो.

फोटो नंतर 'उठावदार' करायचा मोह होतो. पूर्ण फोटोचा उजेड थोडा वाढवणं चालेल. पण फक्त चट्ट्यापुरता कॉन्ट्रास्ट वाढवणं म्हणजे पुराव्यात फेरफार. आणि ते 'एआय फोटो एन्हान्सर' ॲप तर अजिबात नको. ती ॲप्स नसलेले तपशील स्वतःच्या मनाने भरतात, शिवाय रुग्णाचा फोटो कुठल्यातरी सर्व्हरवर जातो तो वेगळाच.

फोटो काढायच्या आधी संमती लागते, आणि तीही लेखी, मराठीत, वाचून दाखवलेली. 'उपचारासाठी फोटो' आणि 'परिषदेत दाखवायला फोटो' या दोन वेगळ्या परवानग्या आहेत. एकीवर दुसरी चालत नाही. आयसीएमआरच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांनुसार १८ वर्षांखालच्या मुलासाठी पालकांची संमती लागतेच, पण ७ वर्षांपुढच्या मुलाचा स्वतःचा होकारही घ्यावा लागतो. सही येत नसेल तर अंगठा आणि सोबत साक्षीदार. आणि नाही म्हटल्यावर उपचारात काही फरक पडणार नाही हे आधी सांगा, कारण समोर सरकारी माणूस उभा असला की बरेच जण भिडेपोटी हो म्हणतात.

फोटोतला माणूस कसा ओळखला जातो

डोळ्यांवर काळी पट्टी मारली की झालं, असं बहुतेकांना वाटतं. तेवढ्याने ओळख लपत नाही. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती ही पद्धत अपुरी मानते. ओळखीचा माणूस हनुवटीवरून, कानातल्या डुलावरून, केसांवरून ओळखतो. चेहरा लागणारच नसेल तर तो फ्रेममध्ये घेऊच नका.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट असते, जी बाहेरच्या मार्गदर्शिकेत लिहिलेली मिळणार नाही: गोंदण. हातावर नाव गोंदलेलं असतं आणि चट्टाही नेमका त्याच हातावर असतो. मग चेहरा नसूनही नाव थेट स्क्रीनवर! मागच्या भिंतीवरचा घर क्रमांक, शाळेच्या गणवेशावरचा बिल्ला, हातात धरलेलं उपचार कार्ड, हे सगळं तपासा. औषधाच्या पाकिटाचाही विचार करा. एमडीटीची पाकिटं रंगावरून ओळखता येतात. मोठ्यांच्या एमबी उपचाराचं लाल, लहान मुलांचं नारिंगी. खाटेखाली पाकीट दिसलं की घरात कुणाला काय आहे ते जाणकाराला लगेच कळतं.

झाकायचं असेल तर भरीव रंगाचा चौकोन वापरा. फोनच्या फोटो एडिटरमधला हायलायटर पारदर्शक असतो. त्याने चार वेळा गिरगटलेलं डोळ्यांना काळं दिसतं, पण ब्राइटनेस वाढवला की खालचं अक्षर वर येतं.

फोटोत लपलेलं लोकेशन

फोनने काढलेल्या फोटोत दिसणाऱ्या चित्राशिवाय तारीख, फोनचं मॉडेल आणि लोकेशन चालू असेल तर त्या जागेचे अक्षांश-रेखांश साठवलेले असतात. पेणच्या डोंगराकडच्या एखाद्या वाडीत वीस-पंचवीस घरं. तिथे हे अक्षांश-रेखांश म्हणजे घराचा पत्ताच.

आता इथे एक गंमत आहे. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की तो लहान होतो आणि लोकेशनही निघून जातं. पण 'क्वालिटी राहावी' म्हणून आपण तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवतो. तेव्हा क्वालिटी राहते आणि लोकेशनही राहतं! पोस्टरसाठी तर डॉक्युमेंटच हवा. म्हणून मुळातच कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन लोकेशन टॅग बंद करा आणि मगच सर्वेला निघा. जुने फोटो असतील तर विंडोज संगणकावर फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स. तिथे खाली 'रिमूव्ह प्रॉपर्टीज अँड पर्सनल इन्फर्मेशन' दिसेल. आयफोनवर फोटोच्या माहितीत जाऊन लोकेशन काढता येतं.

गुगल फोटोजचा ऑटो बॅकअपही बघा. तो चालू असेल तर रुग्णाचा फोटो तुमच्या खात्यात जातो, आणि खातं घरच्या टीव्हीवर लॉग-इन असेल तर संध्याकाळी सगळ्या कुटुंबाला 'आठवणी' म्हणून दिसू शकतो. कामाचे फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि त्या फोल्डरचा बॅकअप बंद ठेवा.

सगळ्यात मोठा सापळा: एक्सेलचा चार्ट

हा भाग दोनदा वाचा. कर्मचाऱ्याकडे रुग्णांची यादी एक्सेलमध्ये असते. नाव, वय, गाव, मोबाइल, सगळं. त्यातून चार्ट बनतो. तो चार्ट कॉपी करून पॉवरपॉइंटमध्ये पेस्ट केला. वरून फक्त चार रंगीत खांब दिसतात. पण पेस्ट करताना 'एम्बेड वर्कबुक' हा पर्याय निवडला गेला असेल तर त्या खांबांच्या मागे पूर्ण एक्सेल फाइल जाऊन बसते. परिषदेला पीपीटी पाठवली, तिथे कुणी चार्टवर राइट क्लिक करून 'एडिट डेटा' केलं, की नावांसकट यादी समोर.

मी बघितलेल्या एका मसुद्यात नेमकं हेच होतं. ती फाइल ग्रुपवर 'जरा बघून घ्या' म्हणून फिरायला निघणार होती. बनवणाऱ्याचा हेतू चांगलाच होता. सॉफ्टवेअर त्याला काही सांगत नाही, हीच अडचण.

उपाय सोपा आहे. पेस्ट करताना 'पिक्चर' हा पर्याय निवडा. किंवा त्याहून बरं, चार्टसाठी नवी एक्सेल फाइल उघडा आणि तिच्यात फक्त बेरजा टाका. नावं त्या फाइलच्या जवळपासही नकोत.

असाच दुसरा प्रकार क्रॉपचा. पॉवरपॉइंटमध्ये फोटो क्रॉप केला तरी कापलेला भाग फाइलमध्ये तसाच राहतो. समोरचा माणूस तो परत ओढून काढू शकतो. म्हणून 'कॉम्प्रेस पिक्चर्स'मध्ये जाऊन 'डिलीट क्रॉप्ड एरियाज' करा, किंवा फोटो आधी बाहेरच कापून मग आत आणा. चेहऱ्यावर ठेवलेला काळा चौकोनही बाजूला सरकवता येतो, आणि त्याची पीडीएफ केली तरी खालचा फोटो तिच्यात शिल्लक राहू शकतो. शेवटी पोस्टर पीएनजी चित्र म्हणून सेव्ह करा, म्हणजे सगळे थर एकत्र होतात. पीडीएफ मागितली असेल तर त्या पीएनजीचीच पीडीएफ बनवा. पीपीटीच द्यावी लागणार असेल तर फाइल, इन्फो, 'इन्स्पेक्ट डॉक्युमेंट' चालवून लपलेली माहिती काढून टाका.

साइज आणि अक्षरं

परिषदेचं सूचनापत्र आधी वाचा. आडवं की उभं, पीडीएफ की जेपीजी, किती एमबीपर्यंत, हे प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं. काहीच लिहिलं नसेल तर १६:९ आडवं धरून चाला. पॉवरपॉइंटची नेहमीची स्लाइड १३.३३ इंच रुंद असते. विंडोजवर तिचं चित्र केलं तर साधारण १२८० बाय ७२० पिक्सेल मिळतात, आणि मोठ्या टीव्हीवर ते धूसर दिसतं. डिझाइन, स्लाइड साइज, कस्टम इथे २० बाय ११.२५ इंच टाका, मग १९२० बाय १०८० पिक्सेल येतील. हे काम सुरुवातीलाच करा; नंतर साइज बदलली की सगळी मांडणी विस्कटते.

संगणक नसेल तर कॅनव्हाचं मोबाइल ॲप चालतं, कस्टम साइजमध्ये १९२० बाय १०८० टाकायचं. पण कॅनव्हावर टाकलेलं सगळं त्यांच्या सर्व्हरवर जातं. म्हणून ओळख पटेल असा फोटो तिथे चढवू नका, आणि शेअर लिंक 'लिंक असलेला कुणीही' वर ठेवू नका.

२० इंची स्लाइडवर मजकूर २४ पॉइंटच्या खाली नको, शीर्षक ५४ च्या आसपास. वाचता येतंय का हे तपासायला टीव्हीची गरज नाही. पोस्टरचं चित्र फोनवर आडवं, फुल स्क्रीन उघडा आणि फोन डोळ्यांपासून ३५ सेंटिमीटरवर धरा. साडेसहा इंची फोन तेवढ्या अंतरावरून जेवढा दिसतो, तेवढाच ५५ इंची टीव्ही तीन मीटरवरून दिसतो. बोटांनी झूम न करता वाचता आलं तर पास. नाही आलं तर अक्षर वाढवण्यापेक्षा मजकूर कापा. ३०० ते ४०० शब्द पुष्कळ झाले.

मराठी मजकूर असेल तर युनिकोडच वापरा. जुन्या डीटीपीवाल्याकडून आलेला मजकूर श्रीलिपी किंवा कृतिदेवमधला असेल तर दुसऱ्या संगणकावर त्याची इंग्रजी अक्षरांची खिचडी होते. मुक्ता किंवा नोटो सॅन्स देवनागरी हे फुकट मिळणारे फाँट चांगले आहेत. पीडीएफ करून झाली की 'निर्मूलन', 'संसर्ग', 'त्वचा' असे दोन-तीन जोडाक्षरांचे शब्द मुद्दाम शोधून बघा; फुटायचे असतील तर आधी तेच फुटतात.

आकडे आणि नकाशा

हे खरं तर डॉक्टरांचं काम, पण टाइप करणारे आपणच असतो. कुष्ठरोगात दोन दर नेहमी येतात. नवे रुग्ण सापडण्याचा दर दर १ लाख लोकसंख्येमागे सांगतात, आणि उपचार घेणाऱ्यांचं प्रमाण दर १०,००० मागे. समजा, केवळ उदाहरणादाखल, ५०,००० लोकसंख्येत वर्षभरात ६ नवे रुग्ण सापडले आणि वर्षअखेर ५ जण उपचारावर आहेत. मग पहिला दर १२ आणि दुसरा १. एकक न लिहिता दोन्ही खांब शेजारी ठेवले तर वाचणारा घाबरेल. आणि ७ पैकी ३ जणांना '४२.८६ टक्के' लिहू नका. '७ पैकी ३' लिहा.

आलेखात अचानक खड्डा किंवा उंचवटा असेल तर तिथेच छोटी टीप द्या. भारतात २०१९-२० मध्ये १,१४,४५१ नवे रुग्ण नोंदले गेले, २०२०-२१ मध्ये ६५,१४७. आजार एका वर्षात एवढा घटत नाही, कारण या जंतूची लक्षणं दिसायला कित्येक वर्षं लागू शकतात. कोविडमध्ये घरोघरी शोध थांबला होता, म्हणून सापडलेले कमी. उलट शोधमोहीम जोरात झाली की आकडा वाढतो, आणि ती कामाची पावती असते. पेण-रोह्यात यात आणखी एक भर पडते. दिवाळीनंतर बरीच कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. सर्वे कोणत्या महिन्यात झाला हे पोस्टरवर लिहिलं नाही तर 'वाडीत रुग्ण नाहीत' याचा अर्थ 'वाडीत त्या वेळी माणसंच नव्हती' असाही असू शकतो.

नकाशावर रुग्णाच्या घराचा ठिपका कधीच नको. तालुका किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या पातळीवर रंग भरा. रायगडात १५ तालुके आहेत. त्यातले पेण आणि रोहा उठावदार करून बाकीचे राखाडी ठेवले की परदेशी पाहुण्यालाही जागा कळते. एखाद्या केंद्राखाली एकच रुग्ण असेल तर शेजारच्या केंद्राबरोबर जोडून आकडा द्या. आणि आकडे निकुष्ठ पोर्टलवरचे किंवा सरकारी रजिस्टरमधले असतील तर सहायक संचालक, आरोग्य सेवा, कुष्ठरोग यांच्या कार्यालयाची परवानगी आधी घ्या.

शब्दांचंही बघा. 'महारोगी' हा शब्द पोस्टरवर नको, इंग्रजीतला 'लेपर'ही नको. 'कुष्ठबाधित व्यक्ती' लिहा. हे नुसतं सभ्यतेपुरतं नाही. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून आपल्या कायद्यात २०१९ पर्यंत होतं. त्या वर्षीच्या दुरुस्तीने ते काढलं. उपचार पीबीला ६ महिने, एमबीला १२ महिने आणि मोफत. ते पूर्ण केलेला माणूस 'जुना रुग्ण' म्हणूनही ओळखला जायला नको असतो. नाव फुटलं तर पोरीचं ठरलेलं लग्न मोडतं, हे वाडीवर काम करणारी कुठलीही आशाताई तुम्हाला सांगेल.

पाठवताना

नेट वाडीवर नसतंच, आणि शेवटच्या दिवशी परिषदेची वेबसाइटही रांगत असते. दोन दिवस आधी अपलोड करा. फाइलच्या नावात रुग्णाचं किंवा गावाचं नाव नको. परिषदेने दिलेला क्रमांक पुरे.

सायबर कॅफेत किंवा झेरॉक्सच्या दुकानात बसून काम केलं असेल तर निघताना डाउनलोड्स आणि रिसायकल बिन रिकामे करा. मग फोनमध्ये व्हॉट्सॲपच्या 'लिंक्ड डिव्हाइसेस'मध्ये जाऊन तो संगणक लॉग-आउट करा.

पोस्टरच्या कोपऱ्यात क्यूआर कोड टाकायचा असेल तर क्रोममधूनच त्या पानाचा कोड बनतो, वेगळी वेबसाइट नको. फुकटचे 'डायनॅमिक' कोड देणाऱ्या काही वेबसाइट्स मुदत संपली की कोड बंद करतात आणि मग पैसे मागतात. कोड ड्राइव्हवरच्या फाइलचा असेल तर फक्त त्या एका पीडीएफची लिंक द्या, पूर्ण फोल्डरची नाही. आणि तो कोड तयार झाल्यावर दुसऱ्याच्या फोनवरून, तुमच्या खात्यात लॉग-इन नसताना, स्कॅन करून बघा.